दारचा मोगरा कोणाचा?

चैत्र सरत आला की रात्री आठनंतर आमच्या वस्तीत येणाऱ्या पाहुण्याला घर विचारावे लागत नाही. दिवसभर तापलेली टिनपत्रे निवत असतात. नाली नेहमीप्रमाणे तुंबलेली असते. कोणाच्या तरी घरी मिरच्या भाजलेल्या असतात. या सगळ्या वासांना बाजूला सारून मोगऱ्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. त्याच्या मागे मागे गेले की आमचे दार येते. दाराजवळ तेलाचा पंधरा किलोचा जुना डबा आहे. त्याला गंज चढला आहे, एक बाजू फुगली आहे. त्यात आमच्या मायने लावलेला मोगरा आहे.

आम्ही कचेरीत आकडे जुळवणारी माणसे. एका संध्याकाळी कळ्या मोजण्याचा मोह आवरला नाही. एकशे चाळीस भरल्या! त्यात मायने आम्हांस दटावले, "मोजू नको रे बाप्पा, दीठ लागते." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दृष्ट कशी लागते, हे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मोगऱ्यावर लेख लिहायचा म्हटल्यावर काही जण हसतील. समाजापुढे नोकरीचे, शिक्षणाचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न असताना फुलझाडे कसली घेऊन बसलात, असे म्हणतील. त्यांनी आपल्या आजीला एकदा विचारून पाहावे की, आजी, तुझ्या लहानपणी आपल्या दारात कोणते फूल होते?

आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे महारवाड्यात फुलझाड नव्हते. बाभळी होत्या, रुई होती, पावसाळ्यात उगवणारा तरोटा होता. फुलांची आवड नव्हती असे नाही, पाणी नव्हते! गावच्या विहिरीवर जायचे, लांब उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी मडक्यात झेलायचे. त्या मडक्यातून आधी पिण्याचे, मग रांधण्याचे, मग लेकरांचे, उरले तर दावणीच्या जनावराचे. झाडाला पाणी घालणे ही चैन त्या हिशेबात कोठे बसणार? वाड्याच्या अंगणात जाईचा मांडव असे आणि त्या वाड्याचे अंगण झाडायला आपली माणसे जात. खाली पडलेली फुले झाडणीत गोळा होत. आजी म्हणायची, "वास आमी झाडून टाकला, माय."

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीकडे आपण हक्क म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु हक्काचे पाणी आले म्हणजे तहान भागून उरलेले पाणीही आले, आणि उरलेले पाणी झाडाच्या मुळाशी जाते. दारात फूल फुलायला माणसाला आधी उरावे लागते. त्यामुळे वस्तीतला प्रत्येक गंजलेला डबा आम्हांला शोभेची वस्तू वाटत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला निघालेले लोक पांढरी वस्त्रे नेसून निघाले. आमच्या भागातले लोक मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्टेशनांवरून रेल्वेत चढले. बाबासाहेबांनी त्या दिवशी बुद्धमूर्तीला पांढरी कमळे वाहिली. कमळ मिळवायचे तर तळे पाहिजे. आपल्यासारख्यांना परवडणारे पांढरे फूल म्हणजे मोगरा, आणि तेव्हापासून आपल्या घरोघरच्या पुष्पपूजेत तोच बसला आहे. त्या पूजेच्या गाथेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतोच असे नाही. हे फूल जसे कोमेजून जाईल तसे आपले शरीरही जाणार आहे, याचे स्मरण त्यात आहे. देवाजवळ काही मागणे तिच्यात नाही. सकाळी वाहिलेला मोगरा दुपारी तांबूस पडतो, तेव्हा गाथा न म्हणताही ती समजते.

मोगरा, जाई, जुई, चमेली, कुंदा ही एकाच गोत्रातली भावंडे. जाई कोणती आणि चमेली कोणती, यावर गावोगाव वाद आहेत. मेहकरकडे एका बाईंनी जिला जाई म्हटले तिलाच चिखलीत चमेली म्हणताना आम्ही ऐकले. इंग्रजांनी आणि शास्त्रज्ञांनी या सगळ्यांना जे नाव दिले त्याचे मूळ फारसीतले यास्मिन. म्हणजे मुसलमान शेजाऱ्याची यास्मिन आणि आपल्या वस्तीतली जाई या दोघी नावाने एकच! पारिजातक मोठ्या कुळाने यांचा चुलत भाऊ लागतो. रातराणीला लोक उगाच यांच्यात बसवतात. ती वांगी-टमाट्याच्या घरातली आहे.

या भावंडांनी वर्ष कसे वाटून घेतले आहे पाहा. मोगरा मार्चपासून जोर धरतो. भीमजयंतीला तो नुकता भरात येतो आणि वैशाख पौर्णिमेला ऐन भरात असतो. पाऊस पडला की जुई. थंडीत कुंदा, त्याला वास थोडा पण फूल भरपूर. जुईच्या बहराचे दिवस म्हणजे आपल्या विहारात वर्षावासाचे प्रवचन चालू असण्याचे दिवस. पाली भाषेत जाई-जुईच्या फुलाला वस्सिका म्हणतात, आणि हा शब्द वस्स म्हणजे पाऊस यावरूनच आला. वर्षावासातला वर्षा आणि फुलातला वर्षा एकच. धम्मपदाच्या पंचविसाव्या भिक्खुवग्गात भगवंतांनी या वेलीचे उदाहरण दिले आहे. ती जशी आपली कोमेजलेली फुले सहज गाळून टाकते, तसे भिक्खूंनी राग आणि द्वेष गाळून टाकावेत, असा त्याचा आशय आहे. चौथा वग्ग तर फुलांच्याच नावाचा, पुष्पवग्ग. त्यात चंदन, तगर यांच्याबरोबर मल्लिका येते. मल्लिका म्हणजे मोगरा. त्याचा वास वाऱ्याच्या उलट जात नाही, सज्जनाच्या शीलाचा जातो, असे तेथे सांगितले आहे. ज्याने हे सांगितले तो संध्याकाळी मोगऱ्याच्या झाडाजवळ कधीतरी उभा राहिलेला असला पाहिजे, एवढे आम्ही खात्रीने म्हणू!

आणखी एक मल्लिका आहे. कोसलचा राजा प्रसेनजित याची राणी. परंपरा सांगते की ती श्रावस्तीच्या एका माळ्याची, फुलांचे हार करणाऱ्याची मुलगी होती. कष्टकऱ्याची पोर राणी झाली आणि भगवंतांची उपासिका झाली. तिला मुलगी झाली तेव्हा राजाचे तोंड उतरले. भगवंतांनी त्याला समजावले की मुलगी ही मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. हा प्रसंग संयुत्तनिकायात आहे, आणि बाबासाहेबांनी १९५१ साली भारतीय स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिलेल्या लेखात तो मुद्दाम घेतला. बुद्ध स्त्रीच्या अवनतीला कारण झाला, असा आरोप करणाऱ्यांना ते उत्तर होते. आपल्या मुलींची नावे ठेवताना मल्लिका हे नाव विसरू नये, एवढी सूचना करून पुढे जातो.

बौद्ध देशांतही या फुलाचा मान मोठा आहे. श्रीलंकेत विहारात वाहायला कमळाबरोबर जाई-मोगऱ्याची फुले असतात. थायलंडमध्ये मोगऱ्याच्या कळ्यांचे बारीक विणीचे हार बुद्धमूर्तीला घालतात. तेथे दरवर्षी १२ ऑगस्टला मातृदिन असतो आणि त्या दिवशी लेकरे आईला हेच फूल देतात. आई सधवा की विधवा, हे तेथे कोणी विचारत असेल असे वाटत नाही. ही गोष्ट येथे का लिहिली ते पुढे कळेल.

आमच्या मोगऱ्यामागे मायचे जे शास्त्र आहे ते आधी सांगतो, कारण पुष्कळ घरी झाड हिरवेगार असते पण फूल येत नाही, आणि लोक मग जागेला दोष देतात.

आपला जिल्हा दोन थरांचा. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावर मुरूम, पाण्याचा निचरा चांगला. घाटाखाली काळी माती. ती कपाशीला मानवते. डब्यातल्या मोगऱ्याला नाही, कारण भिजली की चिखल आणि सुकली की भेगा. म्हणून माय एक वाटा काळी माती, एक वाटा वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक वाटा जुने कुजलेले शेणखत घेते. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच-सहा छिद्रे पाडते. त्यावर खापराचे तुकडे. ऊन निदान अर्धा दिवस तरी पाहिजे. सावलीतल्या मोगऱ्याला नुसती पाने येतात.

मुख्य गोष्ट कात्रीची. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. डिसेंबरात माय त्याचे पाणी तोडते. पाने पिवळी पडून गळू लागली की जानेवारीत सगळ्या फांद्या निम्म्याने छाटते. बघणाऱ्याला वाटते झाड मारले! मग माघात माती उकरून खत घालते आणि पाणी सुरू करते. महिन्याभरात लाल-हिरवी फूट येते आणि तिच्या शेंड्याला कळ्या. ज्यांचा जीव छाटायला होत नाही त्यांच्या घरी झाड वाढते आणि बहर चुकतो.

पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे दिसले तर झाडाला लोह कमी पडत आहे असे समजावे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा पानांवर फवारावे. कळ्या जांभळट पडून त्यांना भोक दिसले तर आत अळी आहे. तशा कळ्या तोडून जाळाव्यात. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचा भुगा रात्रभर भिजवून, गाळून, ते पाणी फवारावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे घालू नये.

खारपाणपट्ट्याचे दुखणे वेगळे. आमची बहीण संग्रामपूर तालुक्यात दिली आहे. तिने नेलेल्या दोन रोपांच्या पानांच्या कडा पहिल्याच उन्हाळ्यात करपल्या. पूर्णेच्या खोऱ्यातले ते पाणी खारट. किडनीच्या दुखण्याची तक्रार त्या भागात वर्षानुवर्षे आहे, आणि तेथे गोडे पाणी आधी माणसालाच पाहिजे, यात वाद नाही. गावात आरओ मशीन बसले तेव्हा तिने मशीनमधून वाया जाणारे पाणी झाडाला घातले. ते तर आणखी खारट असते! शेवटी तिने पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवला. पावसाचे पाणी साठवून ते आठवड्यातून दोनदा घालते, आणि पावसाळ्यात डबा मुद्दाम उघड्यावर ठेवते म्हणजे मातीतले मीठ धुऊन जाते. तिसऱ्या वर्षी मोगरा आला. तिने फोन करून सांगितले तेव्हा रडत होती. एवढ्या तेवढ्या फुलासाठी कोणी रडते काय, असे आम्हांला तेव्हा वाटले होते.

मोगऱ्याची कळी तोडली तरी मरत नाही. दुपारी तोडलेली घट्ट कळी संध्याकाळी गजऱ्यात उमलते आणि रात्रभर वास देत राहते. हे फूल रात्रीच्या पतंगांसाठी उमलते. म्हणून रंग पांढरा, अंधारातही दिसणारा, आणि वास असा की दुरून बोलावणारा. बायकांनी केसांसाठी हेच फूल निवडले ते उगाच नाही. दिवसभर निंदणी-खुरपणी करून, धुणीभांडी करून, बिड्या वळून आलेल्या बाईला स्वतःसाठी वेळ असतो तो रात्रीचाच. आपल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेच्याच लेण्यांत जा. तेथल्या भिंतींवर फुले माळलेल्या स्त्रिया आहेत. बौद्ध भिक्खूंच्या लेण्यात त्या रंगवल्या गेल्या आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

आता वैशाख पौर्णिमेची गोष्ट.

गेल्या वर्षी वस्तीतल्या सगळ्या डब्यांमधल्या कळ्या गोळा करून महिला मंडळाने गजरे केले. पूजा झाली, खीरदान झाले. उरलेले गजरे नववी-दहावीतल्या मुली ताटात घेऊन बायकांना वाटू लागल्या. एक मुलगी आमच्या मायपुढे आली. तिने गजरा उचलला. तेवढ्यात मागून एक वडीलधारी बाई म्हणाली, "त्याईले नको बेटा, पुढं दे." मुलगी गोंधळली. मायने हात आधीच मागे घेतला होता. वडील जाऊन सतरा वर्षे झाली आहेत. त्या ताटातल्या निम्म्या कळ्या तिने दुपारी स्वतः तोडून दिल्या होत्या.

आम्ही तेथेच होतो. माईक आमच्या हातात होता. पाच मिनिटांपूर्वी आम्ही हिंदू कोड बिलावर बोललो होतो आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आम्ही काही बोललो नाही. मुलगी पुढे गेली.

घरी आल्यावर आमच्या कन्येने विचारले, "पप्पा, आजीनं पाणी घातलेलं चालते, तोडलेलं चालते, बुद्धाले वाहिलेलं चालते. मग डोक्यात काहून चालत नाही?" आम्ही म्हणालो, "रूढी आहे." ती म्हणाली, "आपल्यात?"

तो शब्द बरेच दिवस डोक्यात राहिला. आपल्यात ही रूढी आली कोठून? आपल्या जुन्या समाजात नवरा गेलेल्या बाईचा पाट लागत असे. पाट कमी प्रतीचा मानला जाई, हे खरे. परंतु तिला जन्मभर कोपऱ्यात बसवण्याची चाल आपली नव्हे. ती वरून आली. वरच्यांसारखे दिसावे म्हणून आपण त्यांचे काय काय उचलले त्यात हेही आले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकवायची तर जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नाही, आणि त्यासाठी नवरा मेलेली बाई ही व्यवस्थेला अडचण वाटते, असे त्यांनी त्यात दाखवले. तिला जाळायचे, नाहीतर सक्तीचे वैधव्य लादायचे आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही अशा अवस्थेला तिला न्यायचे. गजरा काढून घेणे हे त्याच यंत्राचे लहानसे चाक आहे. जात सोडली म्हणणाऱ्यांनी ते चाक आपल्या विहारात फिरत ठेवले होते, आणि ते फिरताना पाहणारे आम्ही भाषणे करत होतो. लग्नपत्रिकेवर आयुष्मती छापायचे आणि काकूंच्या नावामागे गं. भा. लावायचे, हाही त्यातलाच प्रकार.

आम्ही हा विषय मंडळाच्या बैठकीत काढला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानेही तसे परिपत्रक काढले, ही माहिती दिली. बायका ऐकत होत्या. ज्या बाईने "पुढं दे" म्हटले होते ती म्हणाली, "भाऊ, मी वाईट भावनेनं नाई म्हटलं. माह्या जावेले कोणं दिला असता तर तिलेच लोकायनं नावं ठेवली असती." ती स्वतः सधवा. जाऊ विधवा. तिचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्या एका मावशी, त्यांचे मालक जाऊन तीस वर्षे झाली, त्या म्हणाल्या, "मले नको बापा. आता लाज वाटते." आम्ही बोलू लागलो तेव्हा आमच्या मायनेच थांबवले. "तिच्या डोक्यात तुमी जबरदस्तीनं घालसान काय? काढलं तेई जबरदस्ती, घातलं तेई जबरदस्ती."

बैठकीत ठराव झाला नाही. एवढेच ठरले की यापुढे गजरे कोणी वाटायचे नाहीत. ताट बुद्धमूर्तीशेजारी ठेवायचे आणि ज्याला पाहिजे त्याने आपल्या हाताने घ्यायचा. आम्हांला हे अपुरे वाटले. बायकांना पुरेसे वाटले.

यंदाच्या वैशाख पौर्णिमेला ताट ठेवले. बराच वेळ कोणी हलले नाही. मग एक तरुण बाई उठली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, पदरी दोन मुले आहेत. तिने गजरा घेतला, माळला आणि जागेवर येऊन बसली. कोणी काही बोलले नाही. तिच्यानंतर चार-पाच जणी उठल्या. लाज वाटते म्हणणाऱ्या मावशी उठल्या नाहीत.

आमची माय सगळ्यांत शेवटी गेली. तिने गजरा घेतला, पण डोक्यात घातला नाही. मनगटाला गुंडाळून घरी आणला आणि झोपताना उशाशी ठेवला. सकाळी आम्ही पाहिले तर तो तिच्या अंबाड्यात होता, रात्रीतून तांबूस पडलेला, आणि ती डब्याला पाणी घालत होती. आम्ही पाहिले हे तिला कळू नये म्हणून आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

मृगाचा पाऊस पडला की ती फांद्या लावणार आहे. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची फांदी, दोन डोळे मातीत. महिन्या-दीड महिन्यात मूळ धरते. वस्तीतल्या दहा-बारा घरांनी सांगून ठेवले आहे. तरुण बाईच्या दोन्ही मुलांनी प्रत्येकी एक स्वतंत्र मागितले आहे. डबा आपापला आणायचा आहे आणि बुडाला छिद्रे पाडून आणायचा आहे. मागच्या वेळी तिघांनी तसाच आणला होता.